चांगुलपणाची उचल

'द लास्ट अमेरिकन व्हर्जिन' ह्या चित्रपटाचं नाव मराठीत सांगायचं म्हणजे पंचाईतच आहे. 'अमेरिकेतला शेवटचा ब्रह्मचारी' म्हटलं तर एखाद्या स्वामींचं चरित्र वाटतं, आणि अगदी सरळ भाषांतर केलं तर ते वडीलधाऱ्यांसमोर उच्चारण्यासारखं राहत नाही. १९८२ सालचा हा अमेरिकन सिनेमा. माझ्या वयाच्या पुष्कळांनी तो नव्वदच्या दशकात भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिला आहे, म्हणजे घरची माणसं लग्नाला किंवा जत्रेला गेलेली असताना, खिडक्या लावून, आवाज बारीक करून. कॅसेट कशासाठी आणली जायची ते सांगायला नको. पहिला तासभर सिनेमा त्या अपेक्षेप्रमाणेच चालतो. पुढे मात्र असं काही घडतं की बघणारी पोरं एकमेकांकडे बघायचं टाळतात. कॅसेट परत करायला जाताना कुणी कुणाशी फारसं बोलत नाही.

हा लेख त्या सिनेमाच्या शेवटाबद्दल आहे. त्यामुळे शेवट सांगावाच लागेल. ज्यांना आधी सिनेमा बघायचा असेल त्यांनी इथेच थांबावं आणि मग परत यावं. गेली चाळीस वर्षं तो शेवट बघून प्रेक्षक, विशेषतः पुरुष प्रेक्षक, एकच निकाल देत आले आहेत : बिचारा गॅरी आणि नालायक कॅरन. मला हा निकाल मान्य नाही. का मान्य नाही, ते जरा सविस्तर सांगतो.

पण आधी थोडा इतिहास. ह्या सिनेमात अमेरिकन काय ते नावात आणि मोटारींत. गोष्ट मूळची इस्रायलची. बोअझ डेव्हिडसन ह्या दिग्दर्शकाने १९७८ साली 'एस्किमो लिमोन' नावाचा हिब्रू चित्रपट काढला. लिंबाच्या स्वादाची आइसकांडी, असा त्याचा अर्थ. पन्नासच्या दशकातलं तेल अवीव, शाळेत जाणारी तीन मित्रांची टोळी, रेडिओवर अमेरिकेतून आलेली रॉक अँड रोलची गाणी, आणि डोक्यात चोवीस तास एकच विषय. डेव्हिडसनने तो स्वतःच्या तरुणपणातल्या आठवणींवर बेतला होता. तेव्हाच्या इस्रायलची लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत होती आणि ह्या सिनेमाची देशात सुमारे तेरा लाख तिकिटं खपली. म्हणजे तान्ही मुलं धरली तरी तिघांत एक ! बर्लिनच्या महोत्सवात तो स्पर्धेत होता आणि गोल्डन ग्लोबच्या नामांकनातही आला. जर्मनीत तर त्याने धुमाकूळ घातला. पुढे त्याचे भागामागून भाग निघाले आणि प्रत्येक भाग आधीच्यापेक्षा पाणचट होत गेला. ते असो.

निर्माते मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस ह्या चुलतभावांनी १९७९ साली अमेरिकेतली कॅनन ही कंपनी विकत घेतली. खपलेला माल नव्या बाजारात नेणं ही व्यापाऱ्याची साधी अक्कल. त्यांनी डेव्हिडसनलाच लॉस एंजलिसला बोलावलं आणि तीच गोष्ट आजच्या, म्हणजे तेव्हाच्या, अमेरिकन पोरांवर पुन्हा काढायला लावली. छायाचित्रकारही तोच ठेवला, अ‍ॅडम ग्रीनबर्ग. ह्याच ग्रीनबर्गने दोन वर्षांनी 'द टर्मिनेटर'चं छायाचित्रण केलं. बेन्झीचा गॅरी झाला, मोमोचा रिक, युदालेचा डेव्हिड आणि निलीची कॅरन. सायकलींच्या जागी मोटारी आल्या, एल्व्हिसच्या काळातल्या गाण्यांच्या जागी पोलीस, डीवो, जर्नी असे नवे बँड आले.

साल महत्त्वाचं आहे. १९८२ मध्ये अमेरिकेत ह्या जातीच्या सिनेमांचा सुकाळ होता. 'पोर्कीज' नावाच्या सिनेमात पोरं भिंतीला भोक पाडून मुलींच्या न्हाणीघरात डोकावतात आणि थेटर हसून हसून लोळतं. तो त्या वर्षीच्या सगळ्यांत जास्त चाललेल्या चित्रपटांपैकी एक. अशा सिनेमांचा एक अलिखित नियम असतो. मुलगा धडपडतो, फजित होतो, पण शेवटी त्याला 'ते' मिळतं. मुलीचं काय होतं हा प्रश्न पटकथेत नसतोच. ती बक्षीस असते, आणि बक्षिसाला कुणी विचारत नाही की बाई, तुझं मत काय.

'लास्ट अमेरिकन व्हर्जिन'चा पहिला भाग हा नियम इमानेइतबारे पाळतो. गॅरी हा पिझ्झा पोचवण्याचं काम करणारा शाळकरी मुलगा. दिसायला साधा, स्वभावाने लाजाळू. रिक देखणा आणि बेफिकीर, डेव्हिड जाडा आणि विनोदी. तिघं मिळून जे उद्योग करतात ते सगळे इथे लिहीत नाही. साखरेच्या पर्यायाची पूड कोकेन म्हणून खपवणं, एकट्या राहणाऱ्या एका बाईकडे रांगेने जाणं आणि गॅरीची पाळी येणार तेवढ्यात तिच्या खलाशी मित्राने दारात उभं राहणं, वेश्येकडून उवा घेऊन येणं आणि औषधाच्या दुकानात ते सांगताना त-त-प-प होणं. ह्यातलं काही खरोखर हसवतं, काही आज बघवत नाही. मी ह्या भागाची वकिली करणार नाही. फक्त एवढंच ध्यानात ठेवावं की ह्या तासाभरात दिग्दर्शक आपल्याला हसायची सवय लावत असतो. शरीराचा कारभार म्हणजे गंमत, आणि गमतीला खर्च नसतो, अशी.

ह्याच धामधुमीत शाळेत कॅरन नावाची नवी मुलगी येते. गॅरी बघताक्षणी विरघळतो. तिच्या मोपेडच्या चाकातली हवा काढतो आणि मग जणू योगायोगाने तिथून जात असल्यासारखा तिला शाळेपर्यंत सोडतो. पण कॅरनचं मन बसतं रिकवर. रिकच्या मनात काय आहे हे गॅरीला पक्कं ठाऊक असतं. तो रिकला दुसरीकडे वळवायचा प्रयत्न करतो, त्यासाठी त्याला वेश्येकडेसुद्धा घेऊन जातो, पण कॅरनला सावध करणारा एक शब्द बोलत नाही. आणि व्हायचं ते होतं. कॅरनला दिवस जातात. रिक हात झटकतो. नाताळची सुट्टी लागलेली असते, सगळी मित्रमंडळी बर्फात स्कीइंग करायला निघून जातात. कॅरन मागे राहते आणि तिच्यासाठी गॅरी मागे राहतो.

इथून पुढे सिनेमाचा रंगच पालटतो. गर्भपातासाठी पैसे हवेत. गॅरी आपला स्टिरिओ विकतो, पिझ्झाच्या दुकानदाराकडे हात पसरतो. एकीकडे पैशांसाठी चाललेली त्याची वणवण आणि दुसरीकडे दवाखान्यात कपडे उतरवणारी, टेबलावर निजणारी कॅरन, अशी दोन दृश्यं आलटूनपालटून येतात आणि वर यू-टू ह्या तेव्हा नव्या असलेल्या आयरिश बँडचं दणदणीत गाणं वाजत राहतं. पहिल्या तासात ज्या कॅमेऱ्याने मुलींची अंगं चवीने दाखवली तोच कॅमेरा इथे एक अंग दाखवतो, आणि त्यात चव घेण्यासारखं काही उरलेलं नसतं. नंतर गॅरी तिला भेटायला येतो तो संत्र्यांची पिशवी आणि एक छोटंसं नाताळचं झाड घेऊन. आजारी माणसाला बघायला जाताना फळं न्यावीत हे त्या पोराला कुणी शिकवलं असेल ? पण तो नेतो. तेवढ्या दृश्यासाठी मी ह्या सिनेमाचे सगळे वात्रटपणे माफ करायला तयार आहे.

मग तो तिला आपल्या आजीच्या रिकाम्या घरी ठेवतो, तिची सेवा करतो आणि शेवटी धीर करून मनातलं सांगतो. ती त्याला जवळ घेते, आपल्या वाढदिवसाला बोलावते. तो सोन्याचं लॉकेट करून घेतो, त्यावर अक्षरं कोरून घेतो. पार्टीला जातो. लोकांना विचारत विचारत स्वयंपाकघरापर्यंत पोचतो आणि बघतो तर कॅरन रिकच्या मिठीत. ती त्याच्याकडे बघते. तो तिच्याकडे बघतो. कुणी काहीही बोलत नाही. गॅरी गाडीत बसतो आणि रडत रडत रात्रीच्या रस्त्याने गाडी हाकत राहतो. सिनेमा संपला. मारामारी नाही, पश्चात्ताप नाही, 'एक वर्षानंतर' अशी पाटी नाही.

आता निकालाकडे येऊ. माझ्या भाच्याने अलीकडे हा सिनेमा मोबाईलवर पाहिला. कॉलेजात जातो, वाचतो, एरवी समंजस आहे. मला म्हणाला, "तिणें ताका फटयलो, मामा." तिने त्याला फसवलं. मी विचारलं, कसं फसवलं ? तिने काय कबूल केलं होतं ? त्यावर तो म्हणाला की एवढं सगळं केलं त्याने तिच्यासाठी, मग निदान... आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. त्या 'निदान'च्या पुढे काय आहे, तेच मला ह्या लेखात शोधायचं आहे.

माझी नोकरी सरकारी कारकुनाची. जन्म गेला फायली लिहिण्यात. आमच्याकडे सरकारी तिजोरीतून पैसे बाहेर जातात ते अनेक शीर्षांखाली, पण त्यातले दोन प्रकार सामान्य माणसानेही समजून घेण्यासारखे आहेत. एक उचल आणि दुसरं अनुदान. उचल म्हणजे अ‍ॅडव्हान्स. ती परत करायची असते, दर महिन्याच्या पगारातून हप्त्याहप्त्याने तिची वसुली होते. अनुदान दिलं की दिलं. ते परत मागत नाहीत. ज्या कामासाठी दिलं त्यासाठीच खर्च केलं, एवढं युटिलायझेशन सर्टिफिकेट तेवढं मागतात. ह्यातला खरा घोटाळा कधी होतो ? देताना फाईलवर अनुदान लिहिलेलं असतं आणि देणाऱ्याच्या मनात उचल असते तेव्हा.

गॅरीचं नेमकं हेच झालं आहे. त्याने कॅरनला दिलं ते तिच्या गरजेला दिलं, ह्यात शंका नाही. ती अडली होती, दुसरं कुणी नव्हतं, तो उभा राहिला. पण देताना मनाच्या कोपऱ्यात त्याने एक नोंद करून ठेवली, आणि ती नोंद कॅरनला कधी वाचायला दिली नाही. स्टिरिओ विकताना त्याने म्हटलं असतं, की बाई, ह्याच्या बदल्यात तू मला हवीस, तर तिने ते पैसे घेतले असते का ? आणि घेतले असते तर त्या व्यवहाराला आपण काय नाव दिलं असतं ? सिनेमाच्या पहिल्या भागात असा रोख व्यवहार एकदा होऊनच गेलेला आहे, हे विसरू नये.

गॅरी वाईट नाही. उलट ह्या सगळ्या टोळक्यात तोच एक माणसासारखा वागतो, आणि त्याचं दुःख खरं आहे. सतराव्या वर्षी असं दुःख झालं की ते छातीत दगडासारखं बसतं. ते ज्याने भोगलं आहे त्याला मी हसणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की दुःख खरं असलं म्हणून दावा खरा ठरत नाही. आणखी एक. ह्याच सिनेमात रोझ नावाची कॅरनची साधीभोळी मैत्रीण आहे. गॅरी तिच्याबरोबर फिरायला जातो ते केवळ कॅरन जवळपास असेल म्हणून, आणि तिच्याकडे धड बघतसुद्धा नाही. रोझच्या मनाला काय वाटलं असेल ह्याची चिंता गॅरीने केली नाही, दिग्दर्शकाने केली नाही, आणि प्रेक्षकांपैकी कुणी केल्याचं मला माहीत नाही. मग मन मोडण्याचा हिशेब एकाच वहीत का लिहायचा ?

आता कॅरन. शेवटच्या दृश्यात ती रिकच्या मिठीत का आहे ? सिनेमा सांगत नाही. लोक ह्याचा अर्थ तिला अक्कल नाही, किंवा मुलींना वाईट मुलंच आवडतात, असा लावतात. मला दुसरं काही दिसतं. ह्या मुलीवर काय गुदरलं आहे ते ह्या जगात दोघांनाच ठाऊक आहे. त्यातला एक गॅरी. त्याने तिला तिच्या सगळ्यांत वाईट दिवसांत पाहिलं आहे. त्याच्या प्रत्येक प्रेमळ नजरेत तो दवाखाना आहे, ती संत्री आहेत. रिककडे परत जाणं म्हणजे कदाचित काहीच घडलं नाही असं स्वतःला सांगण्याचा तिचा वेडा प्रयत्न असेल. ज्याच्यामुळे झालं त्यानेच पुन्हा जवळ घेतलं म्हणजे ते पुसलं गेलं, असं तिला वाटलं असेल. हा निर्णय शहाणपणाचा मुळीच नाही. पण उपकार करणाऱ्याच्या समोर आयुष्यभर उभं राहणं किती जड असतं, हे ज्याने कधी कुणाचा मोठा उपकार घेतला आहे त्याला विचारावं. आपल्याकडे सावकाराच्या घरावरून जाताना माणसं मान खाली घालतात. सावकार भला असला तर जास्तच.

ही माझी अटकळ, कारण सिनेमा कॅरनला बोलू देत नाही. ही त्याची मोठी उणीव आहे. डेव्हिडसन स्वतःच्या आठवणींतून बोलतो, म्हणजे गोष्ट मार खाल्लेल्या मुलाच्या तोंडून येते. कॅमेरा सतत गॅरीच्या बाजूला उभा आहे. टेबलावर निजली ती कॅरन, आणि शेवटी मोठ्या पडद्यावर अश्रू दिसतात ते गॅरीचे. प्रेक्षक त्या अश्रूंत एवढा बुडतो की ज्या मुलीच्या अंगावर सगळा खर्च पडला ती आरोपीच्या पिंजऱ्यात कधी गेली हे त्याला कळतही नाही.

योगायोग असा की त्याच वर्षी, अवघ्या काही दिवसांच्या फरकाने, हीच घटना दुसऱ्या बाजूने सांगणारा सिनेमा आला. 'लास्ट अमेरिकन व्हर्जिन' जुलै १९८२ चा, तर 'फास्ट टाइम्स अ‍ॅट रिजमाँट हाय' ऑगस्ट १९८२ चा. दिग्दर्शक एमी हेकर्लिंग ही बाई. लेखक कॅमेरन क्रो, जो कॅलिफोर्नियातल्या एका शाळेत विद्यार्थी म्हणून वेष पालटून राहिला होता आणि त्यावर त्याने आधी पुस्तक लिहिलं होतं. इथेही स्टेसी ह्या मुलीला दिवस जातात, जबाबदार मुलगा ऐन वेळी तोंड लपवतो. तिला सोडायला येतो तिचा मोठा भाऊ ब्रॅड. ती त्याला खोटंच सांगते की मला दुसरीकडे जायचंय. तो तिला उतरवतो, ती रस्ता ओलांडून दवाखान्यात शिरते हे बघतो, आणि बाहेर आल्यावर तिला न्यायला तिथेच थांबलेला असतो. ओरडत नाही, उपदेश करत नाही, घरी सांगत नाही. ह्याला म्हणतात अनुदान. भाऊ असल्यामुळे वसुलीचा प्रश्न नव्हता, असं कुणी म्हणेल. पण मुद्दा तोच आहे. वसुलीचा विचार मनात नसला की मदत कशी दिसते, ते त्या पाच मिनिटांत दिसतं. २००५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत त्या सिनेमाला जागा मिळाली. डेव्हिडसनचा सिनेमा व्हिडिओच्या दुकानांतून आणि तोंडोतोंडी जगला.

आपल्याकडे बघू. हरलेल्या प्रियकराचा हिंदीतला सगळ्यांत लोभस सिनेमा नेमका आमच्या गोव्यात घडतो. कुंदन शहांचा १९९४ चा 'कभी हाँ कभी ना'. त्यातला सुनील खोटं बोलतो, अ‍ॅना आणि क्रिसमध्ये बिब्बा घालतो, आणि तिच्याशी लग्न करण्याची संधी हातात आलेली असताना ती सोडून देतो. म्हणजे सुनीलला शेवटी कळतं की अ‍ॅना ही कुणाच्या मेहनतीचा मोबदला नव्हे. गॅरीला हे कळलं की नाही ते आपल्याला समजत नाही, गाडी पुढे निघून जाते. पण गंमत अशी की कुंदन शहांसारख्या कसलेल्या माणसालाही प्रेक्षकाला रिकाम्या हाती घरी पाठवायचा धीर झाला नाही. शेवटच्या मिनिटाला सुनीलला रस्त्यात जुही चावला भेटते ! गॅरीला कुणी भेटत नाही. माझ्या मते डेव्हिडसनच्या शेवटाचं मोल इथे आहे. चांगल्या वागणुकीबद्दल मुलगी बक्षीस मिळते हा जो हिशेब सगळ्या दुनियेचे सिनेमे आपल्या मनावर ठसवत आले, तो ह्या सवंग म्हणून हिणवलेल्या सिनेमाने चुकता केला नाही. दिग्दर्शकाच्या मनात हे होतं का ? बहुधा नसावं. त्याला फक्त आपली जखम दाखवायची होती. पण लिहिणाऱ्याच्या हातून कधी कधी त्याच्यापेक्षा शहाणी गोष्ट लिहिली जाते.

मराठीत ह्या वयावर धीटपणे बोलणारा सिनेमा म्हणजे रवी जाधवांचा 'बालक-पालक', २०१३ चा. चाळीतली पोरं, भाड्याचा व्हीसीआर, चोरून पाहिलेल्या कॅसेटी. मजा आहे, आणि आईबापांनी मुलांशी बोलावं हा उपदेशही योग्य आहे. पण त्याची सुरुवात आठवा. चाळीतल्या ज्योतीताईने 'शेण खाल्लं' म्हणून तिच्या घरच्यांना चाळ सोडून जावं लागतं. शेण खाणं म्हणजे काय, ह्या कुतूहलातून पोरांचा सगळा प्रवास सुरू होतो. ती पोरं शहाणी होतात. ज्योतीताई मात्र गोष्टीतून निघून गेलेली असते. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'तही शेवटी जोशी वर्गात राहतो आणि शिरोडकर नाहीशी होते. वयात येण्याच्या आपल्या बहुतेक गोष्टींत मुलगा मोठा होतो आणि मुलगी गाव सोडते. कॅरन निदान शेवटच्या चौकटीपर्यंत पडद्यावर उभी आहे, आणि तिची नजर सरळ आहे.

कायद्याच्या बाजूनेही दोन शब्द सांगतो, कारण तो माझ्या सवयीचा प्रांत आहे. कॅरनला लॉस एंजलिसमध्ये उजळ माथ्याने दवाखान्यात जाता आलं ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या निकालामुळे. तो निकाल त्याच न्यायालयाने जून २०२२ मध्ये फिरवला, आणि त्यानंतर अनेक राज्यांत ही वाट बंद झाली. पन्नासच्या दशकातल्या तेल अवीवमध्ये, जिथे मूळ गोष्ट घडते, तिथे हे चोरून करण्याचं काम होतं. समितीच्या मंजुरीने गर्भपात करता येईल असा कायदा इस्रायलमध्ये १९७७ साली झाला. आपल्याकडे १९७१ पासून कायदा आहे. पण मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकाची लेखी संमती लागते, आणि २०१२ च्या पोक्सो कायद्यापासून पोलिसांना कळवण्याचं बंधनही आलं. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने तिचं नाव उघड करायची गरज नाही. चांगलं झालं. पण कागदावरची गुप्तता आणि वाड्यावरची गुप्तता ह्यात फरक आहे. गोव्यासारख्या लहान मुलखात, जिथे बसमधून उतरताना कंडक्टरसुद्धा 'बाबा बरे आहेत का' म्हणून विचारतो, तिथे सतरा वर्षांच्या मुलीला कुणाच्या नकळत दवाखान्याची पायरी चढता येईल असं मला वाटत नाही. म्हणजे तिला कुणाचा तरी उपकार घ्यावाच लागणार. तो करणारा माणूस फाईलवर काय लिहितो आणि मनात काय ठेवतो, ह्यावर तिचं पुढचं आयुष्य अवलंबून आहे.

म्हणून मला भाच्याच्या त्या अर्धवट 'निदान'ची काळजी वाटली. आज मुलांच्या तोंडी 'फ्रेंडझोन' असा एक शब्द आहे. मुलीने फक्त मैत्री ठेवली म्हणजे आपल्यावर अन्याय झाला, असा त्याचा सूर असतो. त्यात धरून चाललेलं असतं की ऐकून घेणं, नोट्स देणं, रात्री घरी सोडणं हे सगळे हप्ते आहेत आणि कधीतरी घर आपल्या नावावर व्हायलाच हवं. हा सूर वाढत वाढत कुठे जातो ते आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. नकार दिला म्हणून झालेल्या प्रत्येक हल्ल्याच्या मागे कुठेतरी 'मी तिच्यासाठी एवढं केलं' हे वाक्य असतंच. गॅरी तसा नाही. तो गाडीत बसून रडतो आणि निघून जातो. लॉकेट फेकून मारत नाही, तिचं गुपित भर पार्टीत ओरडून सांगत नाही. त्याला ते सहज करता आलं असतं. सगळे मित्र तिथेच होते, एक वाक्य पुरेसं होतं. तो बोलला नाही. माझ्या लेखी ह्या पोराचा खरा मोठेपणा स्टिरिओ विकण्यात नाही, ह्या गप्प राहण्यात आहे, आणि ह्याबद्दल त्याचं कौतुक करणारा प्रेक्षक मला अजून भेटलेला नाही.

भाच्याला मी हेच सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, पण मामा, त्याला वाईट तर वाटणारच ना ? वाटणारच, मी म्हटलं. खूप वाटणार. वाईट वाटायला पुरती परवानगी आहे, त्याला मंजुरी लागत नाही. वसुलीला लागते, आणि ती ह्या खात्यात कधीच मिळत नाही.

तेव्हा घरात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा असेल तर हा सिनेमा त्याच्यापासून लपवण्यात अर्थ नाही, त्याने बहुधा ह्याहून पुष्कळ काही पाहिलेलं असतं. पहिल्या तासाला तुम्ही शेजारी बसू शकणार नाही, त्याला आणि तुम्हालाही अवघड होईल. पण शेवटच्या अर्ध्या तासाला जाऊन बसा. आणि संपल्यावर गॅरीबद्दल विचारू नका, ते तो आपणहून बोलेल. कॅरनबद्दल विचारा.